पुस्तक मिटल्यावर

शाळा सोडून आम्हांस बरींच वर्षें झालीं. तथापि वार्षिक अंकासाठीं चार ओळी लिहून पाठवाव्या असा संपादकांचा निरोप आला, तेव्हां जुन्या बांकावर पुन्हां जाऊन बसल्यासारखें वाटलें. विषयाचा फार शोध करावा लागला नाहीं. या शाळेंत आम्ही हुशार म्हणून गणले जात होतों. त्या हुशारीनें पुढें आम्हांस कसें फसविलें व त्यांतून आम्ही कसे सुटलों, ही हकीकत आमच्या धाकट्या भावंडांस सांगावी, असें मनांत आलें.

आमचें गांव केज तालुक्यांतलें, कोरडवाहू. आई-वडील दर वर्षीं दसऱ्यानंतर ऊसतोडीसाठीं कारखान्यावर जात, ते उन्हाळा लागल्यावर परतत. मागें घरीं आजी आणि आम्ही. बारावीनंतर अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयांत आम्हांस प्रवेश मिळाला. वैद्यकीय शिक्षण शहराबाहेर, खेड्यापाड्यांतील रोग्यांजवळ यावें, या हेतूनें हें महाविद्यालय १९७४ सालीं निघालें. त्या वर्षीं वडिलांनीं मुकादमाकडून नेहमींपेक्षां अधिक उचल घेतली व आमची फी आणि पुस्तकें भागविलीं. उचल म्हणजे पुढच्या श्रमांचे आधींच घेतलेले पैसे. ती फेडल्यावांचून सुटका नाहीं. आमच्या प्रत्येक पुस्तकामागें उसाच्या किती मोळ्या उभ्या आहेत, हें आम्हांस पुरतें ठाऊक होतें.

पहिल्या वर्षीं शरीररचना, शरीरक्रिया व जीवरसायन हे तीन मुख्य विषय असतात. त्यांतील जीवरसायनानें आम्हांस भुलविलें. खाल्लेल्या घांसाचें शरीरांत काय होतें, त्यापासून शक्ति कशी निघते, हें सांगणारें तें शास्त्र. आम्हीं तें मोठ्या भक्तीनें वाचलें. महत्त्वाच्या ओळींखालीं तांबडी रेघ, त्याहून महत्त्वाच्या ओळींखालीं हिरवी, असा आमचा परिपाठ. हान्स क्रेब्झ यांनीं १९३७ सालीं मांडलेलें चक्र आम्हीं इतक्या वेळां न्याहाळलें, कीं डोळे मिटले तरी त्याची वाटोळी आकृति दिसे. प्रत्येक पान तीन-तीनदां वाचून झालें होतें. ओळ नजरेखालीं आली कीं ती ओळखीची वाटे. आणि ओळख म्हणजेच ज्ञान, अशी आमची भाबडी समजूत होती.

पहिली चांचणी परीक्षा आली. प्रश्नपत्रिकेंत एक प्रश्न असा होता: 'मुख्यतः ज्वारीवर निर्वाह करणाऱ्या लोकांत पेलाग्रा हा रोग कां आढळे?' प्रश्न वाचतांच आम्हांस आनंद झाला. तें पान डोळ्यांपुढें आलें; उत्तर डाव्या बाजूस, खालच्या परिच्छेदांत, हिरव्या रेघेवर आहे, हेंहि आठवलें. आठवलें नाहीं तें एवढेंच, कीं त्या रेघेवर लिहिलें काय होतें! जन्मापासून ज्वारीची भाकरी खाल्लेला बीड जिल्ह्यांतील मुलगा त्या प्रश्नापुढें लेखणी चावीत बसला. पन्नासांपैकीं सतरा गुण पडले. त्या रात्रीं कारखान्यावरून वडिलांचा फोन आला. 'पेपर कसे गेले?' असें त्यांनीं विचारलें आणि 'ठीक' असें आम्हीं सांगितलें. तें असत्य आम्हांस पुढें कित्येक दिवस बोंचत राहिलें.

वसतिगृहांत शेजारच्या खोलींत वरच्या वर्गांतील एक विद्यार्थी राहत. आम्हीं आपलें रडगाणें त्यांस ऐकविलें. त्यांनीं उपदेश कांहींच केला नाहीं. आमच्या हातांतलें पुस्तक घेतलें, मिटलें, आणि म्हणाले, "आतां सांग." आम्ही गप्प. "पुस्तक मिटल्यावर जें उरतें तेवढेंच तुझें, बाकीचें पुस्तकाचें," असें म्हणून त्यांनीं जुन्या प्रश्नांची एक जाडजूड वही आमच्यापुढें टाकली.

त्या दिवसापासून आमची रीत पालटली. प्रकरण एकदां वाचावयाचें, पुस्तक मिटावयाचें, आणि कोऱ्या कागदावर प्रश्नांचीं उत्तरें लिहावयाचीं. नंतरच पुस्तक उघडून ताडून पाहावयाचें. चुकलेले प्रश्न निराळ्या वहींत उतरून घ्यावयाचे व तेच दुसऱ्या दिवशीं, आठवड्यानें, आणि पुन्हां महिन्यानें सोडवावयाचे. सायंकाळीं आमचे दोन सोबती व आम्ही व्हरांड्यांत बसत असूं व एकमेकांस प्रश्न घालीत असूं. आरंभीं फार लाज वाटे, कारण दहांतलीं सात उत्तरें चुकत. पण चुकलेलें उत्तर जसें स्मरणांत राहतें, तसें वाचलेलें पान राहत नाहीं, हा अनुभव लवकरच आला.

एक उदाहरण देतों. रक्तांतील साखर तपासावयाची असतां तें रक्त राखाडी टोपणाच्या नळींत कां घेतात? आम्हीं हें वाचलें होतें. विचारल्यावर मात्र विचार करावा लागला. तांबड्या रक्तपेशींत शक्तीचे मोठे कारखाने, म्हणजे मायटोकाँड्रिया, नसतात. म्हणून त्या केवळ ग्लुकोज फोडून आपलें पोट भरतात, व एका ग्लुकोजमागें त्यांस ए.टी.पी.चे दोनच रेणू लाभतात. रक्त शरीराबाहेर काढलें तरी त्यांची भूक थांबत नाहीं. साध्या नळींत त्या तासाला सुमारें ५ ते ७ टक्के साखर खाऊन टाकतात. राखाडी टोपणाच्या नळींत सोडियम फ्लोराइड असतें. तें एनोलेज नांवाच्या विकराचें काम अडवितें व साखर शाबूत राहते. एका प्रश्नानें तीन प्रकरणें एका सूत्रांत ओवलीं गेलीं. तीन वाचनांनीं हें झालें नव्हतें.

हा केवळ आमचाच अनुभव नाहीं. रोडिगर व कार्पिक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनीं २००६ सालीं याविषयीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. कांहीं विद्यार्थ्यांनीं एक उतारा पुनःपुन्हां वाचला. कांहींनीं तो एकदां वाचून, मग न पाहतां तीन वेळां आठवून लिहिला. पांच मिनिटांनीं परीक्षा घेतली तेव्हां वाचणारे पुढें होते. आठवड्यानें घेतली तेव्हां वाचणाऱ्यांस सुमारें ४० टक्के आठवलें, तर आठवून लिहिणाऱ्यांस ६१ टक्के. गंमत ही, कीं आपणांस अधिक आठवेल अशी खात्री वाचणाऱ्यांसच अधिक होती. आमच्या तांबड्या-हिरव्या रेघांचें रहस्य तेंच!

मात्र प्रश्नांच्या वहींतहि एक खांचखळगा आहे. आमच्या एका सोबत्यानें चार पर्यायांचे शेंकडों प्रश्न इतक्या वेळां सोडविले, कीं पुढें त्यास प्रश्न न वाचतांच 'तिसरा पर्याय' असें आठवूं लागलें. आम्हीहि त्या वाटेस लागलों होतों. मग आम्हीं असा नियम केला, कीं बरोबर उत्तर सांगून सुटका नाहीं. उरलेलीं तीन चूक कां, हेंहि सांगावयाचें. प्रश्नोत्तर ही कांहीं नवी युक्ति नव्हे. ज्या अंबाजोगाईंत आम्ही हें शिकत होतों, तेथेंच आद्यकवि मुकुंदराजांची समाधि आहे, आणि त्यांचा 'विवेकसिंधु' गुरुशिष्यांच्या संवादांतूनच उलगडतो. पाठ केलेल्या उत्तरानें संवाद होत नाहीं.

आतां खऱ्या परीक्षेची गोष्ट. संक्रांतीस आम्ही दोन दिवस घरीं गेलों. आजी चुलीपुढें भाकरी थापीत होती. तिला अक्षरओळख नाहीं. ती म्हणाली, "काय रं, एवढं काय शिकलास तिकडं? मला सांग की."

आम्हीं ऐटींत सांगितलें, कीं पेलाग्रा नांवाचा एक रोग आहे. त्यांत कातडी काळवंडते, गळ्याभोंवतीं हारासारखा डाग उठतो, जुलाब होतात, पुढें भ्रमहि होतो. नायसिन हें जीवनसत्त्व कमी पडलें म्हणजे तो होतो. हैदराबादेंत डॉ. गोपालन व डॉ. श्रीकांतिया यांनीं १९६० सालीं असें दाखविलें, कीं ज्वारींत ल्यूसिन नांवाचें द्रव्य अधिक असतें व त्याचा या रोगाशीं संबंध असावा. तें मत पुढें सर्वच शास्त्रज्ञांनीं मान्य केलें असें नाहीं, हेंहि सांगितलें. आपला जिल्हा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यांतच होता, अशी पुस्तीहि जोडली.

आजीनें भाकरी उलटली. "ज्वारीनं रोग? मग मी जलमभर काय खाल्लं? मला का न्हाई झाला?"

वहींतल्या शेंकडों प्रश्नांत हा प्रश्न नव्हता! आम्ही क्षणभर थांबलों, मग विचारलें, "आजी, भाकरीबरोबर तूं काय खात होतीस?" ती म्हणाली, "शेंगदाण्याची चटणी, डाळ, हुलग्याचं माडगं. म्हैस दुभती असली की ताक." आणि एकदम सारें उलगडलें. शेंगदाण्यांत नायसिन विपुल. डाळींतून व ताकांतून ट्रिप्टोफॅन मिळतें. सुमारें ६० मिलिग्रॅम ट्रिप्टोफॅनपासून शरीर १ मिलिग्रॅम नायसिन स्वतःच तयार करतें. आम्हीं तें साध्या शब्दांत सांगितलें. आजी म्हणाली, "म्हंजी दोष ज्वारीचा न्हाई. ज्याला नुसत्या भाकरीवर दिवस काढावं लागलं, त्याच्या गरिबीचा."

याहून नेमकें उत्तर आम्हीं कोणत्याच पुस्तकांत वाचलेलें नाहीं. विद्यापीठाच्या परीक्षेंत तो प्रश्न आलाच नाहीं. परंतु जे आले त्यांपुढें लेखणी चावीत बसावें लागलें नाहीं. निकाल लागला तेव्हां वडील उचल फेडून गांवीं परतले होते. उत्तीर्ण झाल्याचें सांगतांना त्या पहिल्या सतरा गुणांचेंहि आम्हीं त्यांस सांगून टाकलें. ते हंसले, आणि म्हणाले, "फोनवर तुझ्या आवाजावरूनच कळलं होतं."

मित्रहो, परीक्षकानें विचारण्यापूर्वीं आपणच आपणांस विचारावें, एवढेंच आमचें सांगणें. पालकांसहि एक नम्र विनंति आहे. मुलांचा अभ्यास आपणांस कळत नाहीं म्हणून आपण दूर बसतां. तसें करूं नये. विचारणाऱ्यास उत्तर ठाऊक असावें लागत नाहीं. आमच्या आजीस तरी कोठें ठाऊक होतें? रात्रीं जेवण झाल्यावर मुलाच्या हातांतलें पुस्तक घ्यावें, मिटावें, आणि म्हणावें, "आज काय शिकलास, तें मला सांग."