माळ, औषध आणि त्यानंतरची वर्षे

व्यसनाचे निदान करताना माणूस किती पितो यापेक्षा पिण्यावरचा त्याचा ताबा कितपत उरला आहे हे पाहावे लागते. थांबायचे ठरवूनही थांबता न येणे, तोच परिणाम मिळवण्यासाठी मात्रा वाढवत जावी लागणे, पदार्थ न मिळाल्यास हातापायांना कंप सुटणे, काम, घर, नाती मागे पडणे आणि नुकसान डोळ्यांसमोर असतानाही सेवन चालू राहणे, यांपैकी अनेक लक्षणे एकत्र दिसू लागली की मनोविकारशास्त्र या अवस्थेला अवलंबित्व, म्हणजेच आजार, असे म्हणते. मेंदूत डोपामिन नावाचे एक रसायन असते, जे सुखाची ओढ आणि त्या सुखाशी जोडलेल्या खुणांची आठवण पक्की करते. दारू आणि अमली पदार्थ या यंत्रणेला इतके जोराने हलवतात की पुढे पगाराची संध्याकाळ, ठरलेले वळण किंवा जुना सोबती एवढ्यानेही तलफ उसळते.

सांगली जिल्ह्यातील विट्याजवळच्या कार्वे औद्योगिक वसाहतीत जानेवारी २०२५ मध्ये सांगली पोलिसांनी मेफेड्रोन, म्हणजे बोलीत ज्याला एमडी म्हणतात ते उत्तेजक, बनवणारा कारखाना पकडला आणि जप्त मालाची किंमत सुमारे २९ कोटी रुपये सांगितली गेली, तेव्हा यंत्रमाग आणि गलाईसाठी, म्हणजे सोने-चांदी गाळण्याच्या व्यवसायासाठी, ओळखल्या जाणाऱ्या विट्याला मोठा धक्का बसला. हा धक्का रास्तच होता. तथापि छाप्याने पुरवठा तुटतो, तलफ तुटत नाही, आणि विट्याच्या खानापूर तालुक्यातील घरे दीर्घकाळ पोखरणारा पदार्थ एमडी नसून दारू आहे. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार देशात दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकाला कोणतेही उपचार मिळालेले होते.

उपचार मिळत नाहीत तेथे या भागातील माणसे माळेचा आधार घेतात. वारकरी परंपरेत तुळशीची माळ घातलेल्याने दारू आणि मांसाहार वर्ज्य करायचा असतो, आणि सातारा-सांगलीत बंडातात्या कराडकर यांच्या व्यसनमुक्त युवक संघासारख्या चळवळींनी या प्रथेला व्यसनमुक्तीच्या कामाशी जोडले. मानसशास्त्राच्या दृष्टीने माळेचे सामर्थ्य मोठे आहे, कारण ती सोबत बदलते, संध्याकाळच्या रिकाम्या वेळी हरिपाठ देते आणि नकार देताना दरवेळी कारण सांगण्याची गरज उरू देत नाही. एक धोका मात्र स्पष्टपणे सांगितला पाहिजे. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्या माणसाचा मेंदू दारूच्या गुंगीशी जुळवून घेण्यासाठी आपली उत्तेजना वाढवून बसलेला असतो, आणि दारू एकाएकी बंद झाली की ती उत्तेजना मोकाट सुटते: पहिल्या दिवशी कंप, घाम, निद्रानाश, पहिल्या दोन दिवसांत कधीकधी आकडी, आणि साधारण तिसऱ्या-चौथ्या दिवशी काहींना डिलिरियम ट्रेमेन्स, म्हणजे भास, भ्रम आणि जिवावर बेतू शकणारी अवस्था. बाहेरची बाधा समजून अशा रुग्णाला देवऋष्याकडे नेण्यात जाणारे तास अत्यंत मोलाचे असतात. डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिलेली शामक औषधे आणि थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, यांनी हा टप्पा बहुधा सुखरूप पार पडतो. म्हणून ज्याला सकाळीच कंप सुटतो त्याने माळ जरूर घालावी, परंतु दवाखान्याची पायरी चढून घालावी.

शरीर शांत होणे ही केवळ सुरुवात असते. पुण्यात डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये उभ्या केलेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राने, तसेच साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी सुरू केलेल्या परिवर्तन संस्थेने औषधांच्या जोडीला समुपदेशन, गटचर्चा, दिनक्रम आणि कुटुंबाचा सहभाग यांना उपचाराचा गाभा मानले. केंद्रात माणूस सुरक्षित असतो; परीक्षा घरी परतल्यावर सुरू होते, आणि विट्याच्या बाबतीत ती अधिक कठीण आहे. येथील असंख्य कुटुंबांतील पुरुष गलाई व्यवसायासाठी पंजाबपासून केरळपर्यंत विखुरलेले असतात, पाठपुराव्याच्या भेटी त्यामुळे सहज चुकतात, आणि यात्रेला किंवा दिवाळीला गावी आल्यावर जुने मित्र पेला घेऊन वाटच पाहत असतात. अशा वेळी एखाद्या प्रसंगी घेतलेल्या पेल्याला स्लिप आणि पूर्वीच्या अवस्थेत परत जाण्याला रिलॅप्स म्हणतात. दमा किंवा मधुमेह जसा पुन्हा उसळतो तसाच हा आजारही उसळतो, आणि त्या क्षणी घरच्यांनी केलेला अपमान रुग्णाला उपचारापासून अधिक दूर लोटतो.

रुग्णाच्या नकळत भाजीत किंवा चहात औषध मिसळण्याचे मार्गही टाळावेत. दारू सोडवण्यासाठी दिले जाणारे डायसल्फिराम घेतलेल्या माणसाने दारू प्यायली तर रक्तदाब धोकादायक प्रमाणात घसरू शकतो, आणि उघडकीस आलेली फसवणूक पतीपत्नीमधला उरलासुरला विश्वास संपवते. एमडीच्या बाबतीत नैराश्य आणि आत्महत्येचे विचार हा सेवन सोडतानाचा मोठा धोका असल्याने रुग्णाला एकटे ठेवू नये. पोलिसांच्या भीतीने एमडीच्या आहारी गेलेली मुले लपवली जातात. वास्तविक १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याचे कलम ६४अ अल्प प्रमाणातील पदार्थ बाळगल्याचा किंवा सेवनाचा आरोप असलेल्या व्यसनाधीन व्यक्तीने स्वेच्छेने मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेतल्यास तिला खटल्यापासून संरक्षण देते, मात्र ते उपचार पूर्ण करावे लागतात. १४४४६ ही राष्ट्रीय विनामूल्य मदतवाहिनी गलाईच्या दूरच्या गावातूनही लावता येते, आणि विट्यातील डॉक्टर, माळकरी मंडळी व गलाईवाल्यांच्या संघटना यांनी मिळून परगावच्या रुग्णांशी दर आठवड्याला फोनवर संपर्क ठेवण्याची व्यवस्था उभी केली, तर तिला इमारत लागणार नाही आणि फारसा पैसाही लागणार नाही.