मांडवीचे गोडे-खारे महिने

नकाशावर नदीची निळी रेघ किनाऱ्याला टेकते तिथे संपते आणि पुढचे सारे पाणी समुद्राच्या नावे लागते. पण गोव्यातील मांडवीच्या बाबतीत नदी नेमकी कुठे संपते हे सांगायचे, तर आधी महिना विचारावा लागतो. एक किलो समुद्रजलात साधारण ३५ ग्रॅम विरघळलेले क्षार असतात आणि या प्रमाणाला क्षारता म्हणतात. मे महिन्यात पणजीजवळचे पाणी जवळजवळ तितकेच खारे असते आणि खारेपणाची चाहूल आत कित्येक किलोमीटरपर्यंत लागते. जुलै-ऑगस्टात मात्र सह्याद्रीवरून आलेले गढूळ पाणी मुखापर्यंत पोचते आणि वरचा थर बराचसा गोडा होतो. गोडे पाणी समुद्रजलापेक्षा घनमीटरमागे वीस-पंचवीस किलोंनी हलके असल्यामुळे ते वरून वाहते, तर खारे पाणी तळाशी पाचरीसारखे आत घुसलेले राहते. पाऊस ओसरला, नदीचा जोर आटला, की भरती-ओहोटी हे थर घुसळून एकजीव करते आणि खार पुन्हा हळूहळू वर चढू लागतो.

नदीचा रेटा आणि समुद्राचा शिरकाव यांचा कुठेतरी तोल साधतो, असे गृहीत धरणारी जुनी मांडणी वर्षभर वाहत्या नद्यांना शोभते. जिथे बहुतेक सारा पाऊस चार महिन्यांत कोसळतो, तिथे असा तोल साधायला सवडच मिळत नाही. म्हणून अशा नदीमुखांना मोसमी नदीमुखे असा वेगळा वर्ग देणे सर्वस्वी योग्य वाटते.

या बदलत्या सीमेचा सर्वांत जुना आणि देखणा अभ्यास मात्र खाजणात दिसतो. खाजण म्हणजे भरतीच्या पातळीपेक्षा सखल असलेली, माती, पेंढा, बांबू आणि जांभा दगड वापरून घातलेल्या बांधांनी खाडीपासून राखलेली जमीन. या बांधात मानस नावाचे दार असते. त्याची लाकडी फळी वरच्या कडेला अडकवलेली, खालून मोकळी असते. ओहोटीला खाडी खाली गेली की आतले पाणी फळीला बाहेर ढकलून वाट काढते, भरती चढू लागली की खाडीचेच पाणी तिला चौकटीवर दाबून धरते. फळीला मीठ कळत नाही, तिला फक्त दोन बाजूंच्या पातळ्यांतला फरक कळतो. पण खार भरतीबरोबर येत असल्यामुळे तेवढे ज्ञान पुरते. जूनचे पहिले पाऊस शेतात मुरलेले मीठ विरघळवतात, ते पाणी प्रत्येक ओहोटीला मानसीतून निघून जाते, आणि मगच कोरगुटासारखे थोडा खार सोसणारे भात मूळ धरते. उरलेल्या काळात त्याच दाराशी जाळे लावून मासळी धरली जाते. उधाणाच्या भरतीत, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी सर्वांत उंच चढते तेव्हा, बांधाला एखादे भगदाड पडले आणि ते वेळीच बुजवले नाही, तर शेतात खार बसतो आणि काही वर्षांत तिथे कांदळवन उभे राहते. कांदळवन मौल्यवान खरेच. तरी पिढ्यान्‌पिढ्या पोसलेले भातशेत असे हातचे जाणे ही मोठी हानी आहे आणि बांधांच्या डागडुजीकडे होणारे दुर्लक्ष अक्षम्य आहे.

नदीचे गोडेपण मुखाशी संपतेच असे नाही. गंगा-ब्रह्मपुत्रेसारख्या नद्यांमुळे बंगालच्या उपसागराचा पृष्ठभाग अरबी समुद्राच्या मानाने बराच कमी खारा असतो. पावसाळा सरल्यावर पूर्व किनाऱ्यालगतचा प्रवाह दक्षिणेकडे वळतो, त्या पाण्याचा काही भाग श्रीलंकेला वळसा घालून पश्चिमेला येतो, आणि हिवाळ्यात केरळ व लक्षद्वीपच्या आसपास अरबी समुद्राची क्षारता उतरते, ती तिथल्या नद्या तोवर रोडावलेल्या असताना.