मागच्या पडवीतली न्हाणी

लोंढा जंक्शनवरून एक फाटा बेळगाव-मिरजेकडं, एक धारवाड-हुबळीकडं आणि एक कॅसलरॉकवरून घाट उतरत गोव्याकडं जातो. मार्मागोव्याहून घाट चढून येणारी लाइन १८८८ साली सुरू झाली, आणि खानापूर तालुक्यातल्या या जंगलातल्या गावात रेल्वेची माणसं वस्तीला आली. माझ्या मावशीचे यजमान, म्हणजे काका, त्याच रेल्वेत नोकरीला. निवृत्तीनंतर क्वार्टर सोडून त्यांनी गावातच ओळीतलं एक घर घेतलं. दोन्हीकडच्या भिंती शेजाऱ्यांशी सामाईक, पुढं रस्ता, मागं परडं. खाली सोपा, मधली खोली, स्वयंपाकघर आणि पडवी. वर लाकडी तुळयांवरची माडी.

संडास परड्याच्या टोकाला होता. काकांच्या कमरेचं हाड मोडेपर्यंत त्याबद्दल कुणाची काही तक्रार नव्हती.

हाड जुळलं, काका काठीवर चालू लागले आणि जून उजाडला. लोंढ्याचा पाऊस ज्यांनी पाहिला नाही त्यांना हे सांगून कळायचं नाही, पण इथं आषाढात परड्यातल्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं, वीज जाते ती कधी येईल याचा नेम नसतो, आणि रात्री बाहेर जायचं म्हणजे एका हातात छत्री, एका हातात बॅटरी. काठी कुठल्या हातात धरायची? मावशी रोज रात्री त्यांच्याबरोबर उठायची. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांनुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसं पडण्यामुळं दगावतात आणि त्यांत साठीपुढची माणसं सर्वांत जास्त असतात. मावशीला हा आकडा ठाऊक नव्हता. तिची झोप मात्र त्याच धास्तीनं उडाली होती.

घरात न्हाणी-संडास करायचा हे दिवाळीत ठरलं. कुठं करायचा, यावर घर दोन मतांत वाटलं गेलं. मुलगा आणि सून माडीवर झोपतात, पोरं लहान. रात्री पोराला उठवून जिना उतरवायचा, हा त्यांचा त्रास खराच होता. शिवाय खाली जागा कुठं होती? पडवीत लाकडं रचलेली, कोपऱ्यात जुन्या न्हाणीची चूल आणि तिच्यावर पाणी तापवायचा तांब्याचा हंडा. तो हंडा हलवायचं नाव काढलं की मावशी गप्प व्हायची. माडीवर मात्र मधल्या खोलीच्या वरचा अर्धा भाग मोकळा होता.

खानापूरहून मेस्त्री आले. त्यांनी माडीच्या फळ्यांवर टाच आपटून बघितली, खाली येऊन तुळया बघितल्या आणि मग टेप काढली. राष्ट्रीय इमारत संहितेत न्हाणी आणि संडास एकत्र असेल तर किमान २.८ चौरस मीटर जागा सांगितली आहे, म्हणजे साधारण ३० चौरस फूट. एवढ्या जागेवर ४ इंचांचा स्लॅब टाकला तर त्याचंच वजन ७०० किलोच्या आसपास जातं. पाइप बसवायला फरशी खाली घ्यायची, त्यावर विटांच्या तुकड्यांचा कोबा, टाइल्स, आडभिंती, वर ५०० लिटरची टाकी, भरली की तिचाच आणखी अर्धा टन. फळ्यांच्या माडीला हे पेलणार नव्हतं. लोखंडी बीम घालायचे तर ते टेकवायचे कुठं? सामाईक भिंतीत. मग शेजाऱ्यांची संमती घ्यायला हवी, आणि उद्या ट्रॅपपाशी पाणी झिरपलं तर ओल त्यांच्याही भिंतीत उतरणार.

“वर काढलासा तर गळती आज न्हाई तर उद्या हायच की ओ,” मेस्त्री म्हणाले. “आनि ती कुनाच्या घरात निघंल ते सांगता येत न्हाई.”

ओळीतल्या घराची खरी अडचण मला त्या दुपारी समजली. सुट्या घराला चार बाजू असतात, पाइप कुठूनही बाहेर काढता येतो. इथं घर फक्त पुढं आणि मागं उघडं. माडीच्या मधोमध न्हाणी केली की मैल्याचा पाइप घराच्या पोटातून मागं न्यावा लागतो आणि त्याला उतार द्यावा लागतो. ४० फुटांना १ फूट, असा हिशोब मेस्त्र्यांनी सांगितला. तो पाइप स्वयंपाकघराच्या आढ्याखालून गेला असता. त्याआधी तो मधल्या खोलीतल्या देवघरावरून जात होता, आणि वरची न्हाणी तर बरोबर देवांच्या डोक्यावर येत होती. काकांनी तोवर एक शब्द काढला नव्हता. हे ऐकल्यावर त्यांनी फक्त मान हलवली. ही अंधश्रद्धा म्हणून सोडून देण्याची गोष्ट नव्हे. ज्या कोपऱ्यात माणूस सकाळी हात जोडून बसतो, तिथं वरून फ्लशचा आवाज येऊ नये, असं त्याला वाटणं अगदी साधं आहे.

पडवीतलं काम याच्या उलट. सेप्टिक टँक परड्यात आधीपासून होता, पाइप सरळ आणि आखूड. नळाचं पाणी पडवीपर्यंत आपोआप येतं. माडीवर चढवायला मोटर लागते आणि मोटरला वीज. टँकचं पाणी जिरवायचा खड्डा मात्र मेस्त्र्यांनी हलवायला लावला. घराच्या आडापासून तो लांब होता, पण शेजाऱ्याच्या आडाला जवळ. इथली जमीन जांभ्याची, छिद्राछिद्रांची, आणि पावसाळ्यात आडाचं पाणी वर चढतं. शेजारच्या काकूंनी स्वतः टेप धरली, आणि कोपरा दोघांच्या सोयीनं ठरला. मला या सगळ्या कामातला हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो.

इंग्लंडमधल्या ओळीच्या घरांचा इतिहास याच वाटेनं गेला आहे. तिथंही एकोणिसाव्या शतकातल्या कामगार घरांचे संडास मागच्या अंगणात असत. पुढं कुणी स्वयंपाकघरामागं वाढीव खोली काढली, कुणी वरची झोपायची खोली मोडून न्हाणीघर केलं. कुठलं बरं यावर तिथल्या घरांत अजून वाद होतात. पण १९९९ पासून तिथल्या बांधकाम नियमांनी नव्या घरात प्रवेशाच्या मजल्यावर संडास असणं बंधनकारक केलं. ज्याला जिना चढवत नाही, त्याचीही सोय व्हायला हवी, म्हणून.

शेवटी पडवीतच साडेचार बाय सात फुटांची न्हाणी झाली. उंबरा ठेवला नाही. दार बाहेर उघडणारं, कारण आत कुणी पडलं आणि अंगाचाच अडसर झाला तर आत उघडणारं दार ढकलता येत नाही. कमोडच्या उजव्या हाताला स्टीलचा दांडा, काका बसून बघतील त्या उंचीवर. मेस्त्र्यांनी त्यांना बसवून पेन्सिलीनं खूण केली आणि मगच ड्रिल लावलं. फरशी खरबरीत. वीज गेली की पेटणारा बॅटरीचा दिवा दाराच्या वर. चूल पडवीच्या दुसऱ्या टोकाला सरकली आणि हंडा तिच्यावर परत चढला, कारण गिझर बसवला तरी पावसाळ्यात त्याचा भरवसा नाही, हे मावशीचं म्हणणं सगळ्यांना पटलं.

सुनेचा प्रश्न यानं सुटला नाही, आणि तो सुटला असं भासवण्यात अर्थ नाही. पोरांना घेऊन तिला अजूनही जिना उतरावा लागतो. जिन्याच्या पायऱ्या उंच होत्या. त्या मोडून संहितेतल्या मापाच्या, १९० मिलिमीटरच्या आतल्या केल्या, दोन्ही बाजूंना कठडा लावला. माडीच्या मागच्या अंगाला, पडवीच्या बरोबर वर, पुढं कधी छोटा संडास काढता यावा म्हणून मेस्त्र्यांनी पडवीवर स्लॅब टाकला आणि चार इंची पाइपचं तोंड वर आणून टोपी लावून ठेवलं. तिथं खाली देवघर नाही, स्वयंपाकघर नाही आणि भार सामाईक भिंतीवर येत नाही. पैसे जमले की पुढच्या उन्हाळ्यात ते काम धरायचं, असं मुलाचं चाललं आहे, आणि या वेळी विटा आणायला काका स्वतः खानापूरला जाणार म्हणतात.