पिकं मोजायची काच

६ मे, इचलकरंजी

लहानपणी भिंतीपलीकडच्या शेडमधले माग थांबले की जाग यायची. आता चालू असले की येते. पहाटे साडेतीनला लॅपटॉप उघडला.

हॉजकिन आणि हक्सले यांची १९५२ची समीकरणं. माकुळाच्या अर्धा-एक मिलिमीटर जाड चेतातंतूत सोडियमला किती वाट, पोटॅशियमला किती, हे त्यांनी मोजून आकडे बसवले: १२०, ३६ आणि किरकोळ गळतीला ०.३. माझं काम उलटं. व्होल्टेजची रेघ बघून आकडे ओळखायचे. सरावाला त्यांच्याच आकड्यांनी रेघ काढली, आकडे झाकले आणि संगणकाला म्हटलं, शोध.

७ मे

रेघ तंतोतंत जुळली. आकडे मात्र १३२, ३९.६, ०.३३. वेगळ्या जागेपासून शोध सुरू केला तर १८०, ५४, ०.४५. रेघ तीच! दिवसभर प्रोग्राममधली चूक शोधली. सापडली नाही.

८ मे

काही नाही. उकाडा. हॉजकिन-हक्सलेंचे आकडे ६.३ अंश सेल्सियसचे. दर दहा अंशांना पेशीपटलातल्या सोडियम-पोटॅशियमच्या दारांची उघडझाप तिप्पट वेगानं होते असं धरतात. आमच्या मे महिन्यात माकुळाचं काय होईल कुणास ठाऊक.

९ मे

आप्पा जेवायला आले ते कापडाचा तुकडा घेऊनच. तीस वर्षं जॉबरकी केली तरी काचेखाली सुईनं पिकं, म्हणजे आडवे धागे, मोजल्याशिवाय त्यांना चैन नाही. मी सहज विचारलं, "आप्पा, एवढ्या कापडावरनं माग किती जोरात चालला ते कळतंय काय?"

"ते कसं कळंल? माग हळू चालला तर कापड गुंडाळणारा रूळबी हळूच फिरतोय. इंचाला पिकं तेवढीच." भाकरी मोडता मोडता पुढं म्हणाले, "जोर बघायचा तर घड्याळ घेऊन मागाजवळ हुबं ऱ्हायला लागतंय."

ताटावरून तशीच उठले. (आई ओरडली.) चौथा आकडा मी मोकळा सोडला होता: पटलाची धारिता, म्हणजे ते किती विद्युतभार साठवतं. मूळ १, पहिल्या शोधात ती १.१ झाली होती, दुसऱ्यात १.५. बाकीच्या आकड्यांना तिनं भागलं, दोन्ही वेळा १२०, ३६, ०.३. वाटा दीडपट, साठाही दीडपट, मग व्होल्टेज कशाला बदलेल? सुरुवातीला मी नुसतं व्होल्टेज हलवून सोडलं होतं. मोजलेला प्रवाह आत घातलाच नव्हता.

११ मे

चौरस सेंटिमीटरला किती मायक्रोअँपिअर ते ठरवून प्रवाह घातला. दोन्ही शोध मूळ आकड्यांवर आले. थोडा गोंगाट मिसळला की अजून घसरतात, पण पूर्वीसारखे मोकाट नाहीत.

हॉजकिन-हक्सले तर व्होल्टेज एका जागी धरून ठेवायचे आणि प्रवाह मोजायचे. घड्याळ घेऊन उभं राहणंच ते. पुढचं गणित हक्सलेंनी हातानं फिरवायच्या ब्रुन्स्विगा यंत्रावर केलं, कारण केंब्रिजचा संगणक तेव्हा बंद होता. आप्पांना सांगितलं, तर त्यांनी एवढंच विचारलं, "हँडल किती दिस फिरवलं?" काही आठवडे, म्हटलं. मान डोलावली.

१२ मे

आता खऱ्या पेशींची पाळी. पवईच्या आयआयटीत रोहित मांचंदा यांच्या गटानं मूत्राशयाच्या स्नायुपेशींची अशी प्रतिमानं केली आहेत. तिथं पेशी एकमेकींना विजेनं जोडलेल्या. एकीत घातलेला प्रवाह शेजारणीकडे झिरपतो. म्हणजे मोजून घातलेला प्रवाहसुद्धा तिथं पुरत नाही.

माझ्याकडं आलेल्या फाइलींत रेघा भरपूर आहेत. प्रवाह किती सोडला आणि पेशी केवढी होती, हे कुठंच लिहिलेलं नाही. रेकॉर्डिंग करणाऱ्या मैत्रिणीला मेल केली: वही बघ, हे दोन आकडे आधी पाठव. तोवर शोध बंद.