छपराचा ढाळ

आर्वीत कवेलूची घरं कमी होत चालली आहेत, त्याचं एक मोठं कारण माकडं. एक टोळी छपरावरून गेली की कवेलू फुटलेच, आणि फेरून देणारा माणूस वेळेवर मिळत नाही. यंदा आम्हीही पत्रे टाकायचं ठरवलं. अम्मीचं मन नव्हतं, पण पावसाळ्यात गळक्या जागी पातेली मांडत रात्र काढायची ती तिनेच.

मिस्त्री म्हणाला, "सर, आढं खाली घ्या. ढाळ कमी केला तं पत्रा कमी लागते." किती कमी, हे मात्र त्याने सांगितलं नाही.

ढाळ मोजणं सोपं आहे. समोरासमोरच्या भिंतींच्या माथ्यांवर दोरी ताणायची, आढ्यावरून ओळंबा सोडायचा आणि दोरीपासून आढ्यापर्यंतची उंची घ्यायची. आमच्या घराची रुंदी १८ फूट, म्हणजे अर्धी ९. उंची निघाली साडेचार. दोन फूट आडवं गेलं की एक फूट चढ. कोन साधारण साडेसव्वीस अंशांचा. पायथागोरसच्या नियमाने भिंतीपासून आढ्यापर्यंत वासा १० फूट १ इंच. मिस्त्री म्हणत होता तशी उंची दीड फूट ठेवली, तर ९ फूट दीड इंच. बचत एका बाजूला जेमतेम ११ इंच! आणि त्यापायी मे महिन्यात तापलेलं आढं तीन फूट खाली.

'दोनास एक' हा हिशोब आपल्याला नवा नाही. हनफी मतानुसार असरची वेळ सुरू होते, तेव्हा दुपारची मूळ सावली वगळून वस्तूची सावली तिच्या दुप्पट झालेली असते. मेच्या शेवटी आर्वीत भरदुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो आणि मूळ सावली उरतच नाही. त्या दिवसांत असर लागताना सूर्य क्षितिजापासून नेमका आमच्या छपराच्या ढाळाइतका वर असतो. अरबी गणितज्ञ या गुणोत्तराला 'ज़िल' म्हणत, म्हणजे सावली. शाळेत मुलं त्यालाच 'टॅन' म्हणतात आणि घाबरतात.

मिस्त्रीने दुसरा उपाय काढला. "मंग एकपाखी करा, सारा उतार मागं." मागे अरुंद बोळ आणि पलीकडे काकूंची मातीची भिंत. छपरावरचं पाणी मोजताना उतरता पत्रा धरायचा नसतो, खालची सपाट जागा धरायची. आमची जागा १८ बाय ३०, म्हणजे ५४० चौरस फूट. एक इंच पाऊस पडला की ४५ घनफूट, जवळपास १२७० लिटर पाणी. दुपाखी घरात त्यातलं निम्मं मागे जातं. एकपाखी केलं तर सगळं काकूंच्या भिंतीच्या पायथ्याशी.

शेजाऱ्याच्या हक्कावर आपण जुम्याच्या बयानात पुष्कळ ऐकतो. तो हक्क कधी कधी लिटरमध्येही मोजता येतो.

मी आकडे कागदावर मांडून अम्मीला दाखवले. ती म्हणाली, "निम्मं तरी त्यांनी का सोसायचं?"

छप्पर दुपाखीच ठेवलं, उंची साडेचार फूटच. मागच्या पाखीला पन्हळ लावून ते पाणीही आमच्या अंगणात घेतलं. वाचलेल्या पत्र्यापेक्षा पन्हळीचा खर्च जास्त झाला. त्याचा हिशोब अम्मीने विचारला नाही.