मेथीची जुडी

बुधवारी फोनचा पडदा काळा झाला. स्टेशनजवळच्या दुकानातल्या मुलाने "शनिवारी या, ताई" म्हणत तो ड्रॉवरमध्ये टाकला. गुरुवारी चर्चगेटहून भाईंदरला परतताना हात अगदी रिकामे.

बोरिवलीनंतर बायकांच्या डब्यात जरा हवा आली. समोरची बाई मेथी निवडत होती. पूर्वी निम्मा डबा भाजी निवडायचा. हात गुंतलेले, तोंड मोकळं. सासू, शाळेची फी, गुडघे, सगळं देठांबरोबर निघायचं. आता हातच फोनला दिलेत. (माझेही.)

मी तिच्याकडून अर्धी जुडी मागून घेतली. मग बराच वेळ दोघी गप्प. अशी शांतता मी विसरलेच होते. २०१४ साली व्हॉट्सअ‍ॅपवर निळ्या खुणा आल्या, तेव्हापासून गप्प राहणं हेही उत्तरच धरलं जातं. हिच्या गप्प बसण्यात राग नव्हता, नुसती मेथी होती.

आमच्याकडची मिठागरं आठवली. खाडीचं पाणी उथळ वाफ्यांत उभं राहतं, दिवसेंदिवस आटतं, तेव्हा कुठे मीठ दिसू लागतं.

दहिसर सुटल्यावर ती म्हणाली, "मुलगा दुबईला असतो. रोज व्हिडिओ कॉल करतो. पण बोलायला काही उरतच नाही हो."

मला काही सुचलं नाही. मिरा रोड आलं, ती पिशवी सावरत उतरली. नाव विचारायचं राहिलं.

शनिवारी फोन मिळाला. शेकडो मेसेज होते. रात्री वाचत बसले, तर बोटांना मेथीचा वास येतोय असं उगाच वाटत राहिलं.