तेरवीनंतरचा शोक

मुधोळजवळ, गोदावरीच्या काठी, बासरचं सरस्वतीचं देऊळ आहे. हा भाग २०१६पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होता, आता निर्मल जिल्ह्यात आहे. आईबाप मुलांना पहिलं अक्षर गिरवायला इथे आणतात, पण देवळाची आख्यायिका सुरू होते ती मरणांपासून. भारतीय युद्धानंतर मनाला शांती मिळावी म्हणून व्यास या काठावर आले, रोज स्नान करून नदीतून तीन मुठी वाळू आणत राहिले आणि त्या वाळूतून देवींच्या मूर्ती घडल्या, असं सांगतात. आख्यायिकेकडे पुरावा मागू नये. पण शोक एका दिवसात उतरत नाही, हे ती रचणाऱ्याला पक्कं ठाऊक असावं. महाभारतातल्या आश्रमवासिक पर्वात तर हे आकड्यानिशी येतं. मुलं मारली गेल्याला १६ वर्षं झाली, तरी धृतराष्ट्राला शांती नाही, असं गांधारी व्यासांना सांगते. यावर ‘आता पुरे’ म्हणणं व्यासांना सोपं होतं. ते म्हणत नाहीत. गंगेच्या पाण्यातून ते मेलेल्यांना एका रात्रीपुरतं वर आणतात आणि जिवंत माणसं त्यांना डोळे भरून पाहतात. व्यास काही त्रयस्थ नव्हते; ते कौरव त्यांचेच नातू होते.

आपण मात्र शोकाला मुदत घालून दिली आहे. तिसऱ्या दिवशी राख सावडायची, दहाव्याला पिंड, तेरवीला गोडजेवण. तोवर घर माणसांनी भरलेलं असतं, शेजारून डबे येतात, चहा कोण करतंय हेही कळत नाही. मुधोळकडे या गर्दीला आणखी एक पदर आहे. १९५६च्या राज्यपुनर्रचनेत मुधोळ, भैंसा आणि कुबीर हा भाग नांदेड जिल्ह्यातून निघून तेव्हाच्या आंध्र प्रदेशात गेला. लेकी-सुना आणि भाऊबंद हद्दीच्या दोन्ही बाजूंना राहिले. तेरवी उरकली की कुणी धर्माबादची गाडी धरतं, कुणी भोकरची. चौदाव्या दिवशी घरात उरतं ते माणूस, आणि फोनवरचा प्रश्न: ‘सावरलात ना?’ या प्रश्नाचं एकच उत्तर चालतं, म्हणून सगळे तेच देतात. गंमत अशी, की ही घाई परंपरेने शिकवलेली नाही. जुन्या धर्मशास्त्रात पहिल्या वर्षाची १६ श्राद्धं आहेत: बारा महिन्यांची बारा, शिवाय ऊनमासिक, त्रैपाक्षिक, ऊनषाण्मासिक आणि ऊनाब्दिक. मृताला पितरांत मिसळणारं सपिंडीकरणही मुळात वर्षअखेरीचं. सोयीसाठी ते बाराव्या दिवशी उरकायला मुभा मिळाली, आणि सोय हाच नियम झाला. वर्षभर पसरलेला शोक आपण एका पंधरवड्यात कोंबला.

श्राद्ध मृताच्या गतीसाठी, जिवंतांच्या मनासाठी नव्हे, असं कुणी म्हणेल. हेतू तो असेल. परिणाम मात्र असा होता की दर महिन्याला एक दिवस घरात त्या माणसाचं नाव मोठ्याने घेतलं जाई. आधुनिक मानसशास्त्र तिथवर जरा आडवळणानेच पोचलं. शोक म्हणजे गेलेल्यातून मन सोडवून घेण्याचं काम, असं फ्रॉइडने १९१७ साली मांडलं. पुढे १९२०मध्ये त्याची मुलगी सोफी गेली, आणि १९२९ साली, तिच्या वाढदिवसाच्या तारखेला, त्याने एका मित्राला लिहिलं की ही जागा कधीच पुरती भरत नाही, आणि तसंच असायला हवं. १९९६मध्ये क्लास, सिल्व्हरमन आणि निकमन या अभ्यासकांनी हेच सिद्धान्त म्हणून मांडलं: गेलेल्याशी नातं तुटत नाही, बदलतं. मराठीत याची साक्ष इंदिरा संतांची आहे. त्यांचे पती ना. मा. संत १९४६ साली गेले, ‘शेला’ हा कवितासंग्रह १९५१मध्ये आला, आणि पुढची कित्येक वर्षं नोकरी, मुलं आणि कविता सोबतच चालली. तो विरह त्यांनी संपवला नाही. त्याच्यासकट त्या जगल्या.

श्राद्धाच्या हेतूबद्दलच्या त्या शंकेहून जड आक्षेप दोन आहेत. पहिला डॉक्टरांचा. शोक कायमचा मानला तर ज्याला उपचार हवेत तोही घरात कुढत राहील. हे खरं आहे. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत आता लांबलेल्या शोकाची नोंद आहे: किमान सहा महिने, आणि त्या समाजाच्या रीतीपेक्षा कितीतरी अधिक, जगणंच ठप्प करणारा. म्हणजे नुसती आठवण येणं, सणाला डोळे भरणं हा आजार नव्हे. जेवणखाण सुटलं, काम सुटलं, जगू नये असं वाटू लागलं, तर मात्र डॉक्टर गाठायलाच हवा. तिथे धीराचे शब्द पुरत नाहीत. दुसरा आक्षेप सुधारकांचा, आणि तो मला अधिक टोचतो. शोक लांबवण्याची रीत आपल्याकडे बहुतेक बाईच्याच वाट्याला आली: कुंकू पुसा, बांगड्या फोडा, मंगल कार्यात मागे राहा. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने मे २०२२मध्ये या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तो योग्यच होता. पण त्या प्रथांनी बाईला शोक करू दिला, हेच मला मान्य नाही. त्यांनी तिच्यावर खूण केली आणि तिला एकटं पाडलं. खूण आयुष्यभराची, सोबत तेरा दिवसांची: हा हिशेब उलटा हवा.

‘विषय काढला की जखम भळभळते’ ही सबब उरते. नाव न काढल्याने ती बुजत नाही. त्या घरात ते नाव मनातल्या मनात दिवसभर चाललेलंच असतं, फक्त ऐकायला कुणी नसतं. विधी मानायचे की नाही हे ज्याने त्याने ठरवावं. वेळापत्रक तेवढं जुनं घ्यावं. तेरवीला गर्दी असतेच, तिथे एखादा कमी आला तरी चालतं. दुसऱ्या महिन्यात जा, सहाव्या महिन्यात जा, आणि गेलेल्या माणसाचं नाव घेऊन बोला.